मेटॅलिक ग्लासच्या थिन फिल्मचं चुंबकत्व मोजायचंय? फिल्म टाकण्यापासून खात्रीचा आकडा हातात येईपर्यंत

ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये लोखंड-सिलिकॉन-बोरॉनची जी अमॉर्फस पट्टी (अणू रांगेत न बसलेला धातू, म्हणजेच मेटॅलिक ग्लास) वापरतात, तिची कोअर्सिव्हिटी, म्हणजे मॅग्नेटायझेशन शून्यावर आणायला लागणारं उलटं फील्ड, एका ओर्स्टेडच्याही बरीच खाली असते. त्याच मिश्रणाचं टार्गेट (ज्याच्यावरून अणू उडवून फिल्म बनवतात तो तुकडा) घेऊन तुम्ही सिलिकॉनवर फिल्म टाकता, व्हीएसएमवर (सॅम्पल हलवून त्याचा चुंबकीय मोमेंट मोजणारं मशीन) चढवता आणि लूप येतो वीस-तीस ओर्स्टेडचा. मग सगळ्यांना वाटतं की फिल्म बिघडली, क्रिस्टलाइज झाली, टार्गेटच खराब आहे, चला पुन्हा टाकू. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. फिल्ममध्ये स्ट्रेस असतो आणि मशीन ज्याला शून्य फील्ड म्हणतं ते खरं शून्य नसतं. या दोन गोष्टी आधी वेगळ्या काढल्याशिवाय कोअर्सिव्हिटीचा आकडा थिसिसमध्ये लिहूच नका, हे मला अगदी मनापासून सांगायचंय, आणि खाली जे लिहिलंय ते सगळं त्या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या याबद्दलच आहे.

एमएससीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला हा विषय हातात आलेल्यांसाठी लिहितोय, त्यामुळे लूप, डोमेन, अ‍ॅनिसोट्रॉपी हे शब्द माहीत आहेत असं धरून चालतो.

थोडक्यात पार्श्वभूमी. १९६० साली कॅल्टेकमध्ये पोल दुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनचा वितळलेला थेंब सेकंदाला साधारण दहा लाख अंश या वेगाने थंड केला आणि अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही, तो पहिला मेटॅलिक ग्लास. सात वर्षांनी त्याच लॅबमधून लोखंड-फॉस्फरस-कार्बनचा फेरोमॅग्नेटिक ग्लास आला. रांगाच नाहीत म्हणजे क्रिस्टलची अ‍ॅनिसोट्रॉपी नाही, ग्रेन बाउंडरी नाही, म्हणून डोमेन वॉल कुठे अडकत नाही आणि मटेरियल मऊ राहतं. फिल्ममध्ये तर अणू थेट वाफेतून थंड सबस्ट्रेटवर येऊन बसतात, त्यामुळे ग्लास होणं पट्टीपेक्षा सोपंच असतं. अडचण वेगळीच आहे. क्रिस्टलची अ‍ॅनिसोट्रॉपी गेल्यावर जे उरतं ते म्हणजे स्ट्रेस आणि मॅग्नेटोस्ट्रिक्शन (मॅग्नेटाइझ होताना मटेरियलची लांबी बदलणं) यांच्या गुणाकारातून येणारी अ‍ॅनिसोट्रॉपी, आणि फिल्म सबस्ट्रेटला घट्ट चिकटलेली असल्यामुळे तो स्ट्रेस पट्टीसारखा सहज सुटून जात नाही.

मिश्रण ठरवताना

आधी हे ठरवा की तुम्हाला जास्त मोमेंट हवाय की कमी कोअर्सिव्हिटी, कारण दोन्ही एकदम फुकट मिळत नाही. लोखंड-सिलिकॉन-बोरॉन, म्हणजे मेटग्लासचा २६०५एसए१ हा ग्रेड बघितला तर सॅच्युरेशन १.५६ टेस्ला, मॅग्नेटोस्ट्रिक्शन २७ पीपीएम, क्युरी तापमान ३९५ अंश सेल्सियसच्या आसपास. कोबाल्टवाला २७१४ए बघितला तर सॅच्युरेशन फक्त ०.५७ टेस्ला, पण मॅग्नेटोस्ट्रिक्शन अर्ध्या पीपीएमपेक्षाही कमी. हे आकडे पट्टीचे आहेत, फिल्मचे थोडे इकडेतिकडे होतील, पण अंदाज बांधायला हेच वापरा.

आता हिशोब करून बघा, कारण हा हिशोब एकदा हाताने केला की पुढचं सगळं समजतं. स्ट्रेसमुळे येणारी अ‍ॅनिसोट्रॉपी म्हणजे दीड गुणिले मॅग्नेटोस्ट्रिक्शन गुणिले स्ट्रेस. स्पटर केलेल्या, म्हणजे आर्गनच्या माऱ्याने टार्गेटवरून अणू उडवून बनवलेल्या फिल्ममध्ये २०० मेगापास्कल स्ट्रेस ही काही विशेष गोष्ट नाही. २७ पीपीएम घेतले तर उत्तर येतं घनमीटरला ८१०० ज्यूल, त्याला दोनने गुणून १.५६ टेस्लाने भागा, अ‍ॅनिसोट्रॉपी फील्ड येतं जवळपास १३० ओर्स्टेड. कोबाल्टवाल्याला ०.३ पीपीएम धरले तर तोच स्ट्रेस असताना फक्त ४ ओर्स्टेड. एकाच चेंबरमध्ये, एकाच दिवशी टाकलेल्या दोन फिल्म, आणि फरक तीसपटीपेक्षा जास्त, तेही कुठलीच फिल्म बिघडलेली नसताना. म्हणून सेन्सरसाठी किंवा शिकण्यासाठी काम करत असाल तर सुरुवात कोबाल्ट जास्त असलेल्या मिश्रणाने करा असं माझं मत आहे. लोखंडवालं मिश्रण स्ट्रेस हाताळायला जमल्यावर घ्या.

पट्टीचे तुकडे टंगस्टनच्या बोटीत ठेवून थर्मल इव्हॅपोरेशन करायचा मोह खूप होतो, स्वस्त पडतं म्हणून. लोखंड-निकेल-मॉलिब्डेनम-बोरॉनची पट्टी अशी उडवली तर लोखंड आणि निकेल आधी निघून जातात, कारण मॉलिब्डेनम वितळतंच २६२३ अंशाला आणि बोरॉन २०७६ला, आणि त्यांची वाफ व्हायला त्याहून वेळ लागतो. फिल्म मिळते, चुंबकीयही असते, फक्त ती पट्टीच्या मिश्रणाची नसते. हा मार्ग घ्यायला हरकत नाही पण मग कॉम्पोझिशन मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि ईडीएक्सवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधलं एक्स-रे विश्लेषण) बोरॉन नीट दिसत नाही हेही लक्षात ठेवा, त्यासाठी एक्सपीएस (एक्स-रेने बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजणारी पद्धत) किंवा आयन बीमची कुठली तरी पद्धत लागते.

फिल्म टाकताना

मॅग्नेट्रॉन स्पटरिंगमध्ये चुंबकीय टार्गेट असलं की पहिली अडचण प्लाझ्माच पेटत नाही. टार्गेट स्वतःच गनचं फील्ड गिळून टाकतं. म्हणून टार्गेट पातळ लागतं, एक ते तीन मिलिमीटर, किंवा जास्त ताकदीचे मॅग्नेट बसवलेली गन लागते. टार्गेट मागवताना जाडी विचारूनच ऑर्डर द्या, नाहीतर महागडा तुकडा कपाटात पडून राहतो.

चेंबर रिकामं करताना प्रेशर एका टॉरच्या दहा लाखाव्या भागापेक्षा खाली न्या, जमलं तर आणखी दहापट खाली. पाण्याची वाफ राहिली की बोरॉन आणि लोखंड दोघंही ऑक्सिजन पकडतात. डिपॉझिशनच्या आधी शटर बंद ठेवून टार्गेट दहा-पंधरा मिनिटं स्पटर करा. आर्गनचं प्रेशर हा या सगळ्या कामातला सर्वात महत्त्वाचा नॉब आहे. प्रेशर कमी असेल तर येणारे अणू आणि परतणारे आर्गनचे अणू जोरात आदळतात, फिल्म ठोकून बसवल्यासारखी होते आणि तिच्यात कॉम्प्रेसिव्ह (दाबणारा) स्ट्रेस येतो. प्रेशर वाढवत गेलात की स्ट्रेस कमी होत होत शून्यातून जातो आणि टेन्साइल (ताणणारा) होतो, पण फार वाढवलं की फिल्म सच्छिद्र व्हायला लागते. तुमच्या चेंबरमध्ये तो शून्याचा बिंदू कुठे आहे हे कुणीही पुस्तकातून सांगू शकत नाही, कारण तो टार्गेट आणि सबस्ट्रेटमधल्या अंतरावर, पॉवरवर, गनच्या आकारावर अवलंबून असतो. तेव्हा दोन, तीन, पाच, आठ, बारा मिलिटॉर अशी एक सिरीज टाकाच. आठवडा जाईल, पण तो आठवडा पुढचे महिने वाचवतो.

प्रत्येक रनला एक नाही तर तीन सबस्ट्रेट लावा. एक ऑक्साइड असलेलं सिलिकॉन, त्याच्यावर चुंबकीय मोजमाप. एक पातळ, लांबट काचेची पट्टी, कव्हर ग्लाससारखी, तिचा बाक फिल्मच्या आधी आणि नंतर प्रोफायलोमीटरवर मोजायचा आणि स्टोनीच्या सूत्रातून स्ट्रेस काढायचा. हे सूत्र १९०९चं आहे आणि आजही तेवढंच कामाचं आहे. तिसऱ्यावर मार्करची रेघ किंवा मास्क लावून जाडीसाठी पायरी तयार करायची. जाडी शक्यतो एक्स-रे रिफ्लेक्टिव्हिटीने पक्की करा, कारण जाडीत पाच टक्के चूक म्हणजे मॅग्नेटायझेशनमध्ये सरळ पाच टक्के चूक, आणि ही चूक कुठलंही व्हीएसएम दुरुस्त करून देत नाही.

आणि एक बारीक काम, जे नंतर कधीच करता येत नाही. सबस्ट्रेट होल्डरवर लावायच्या आधी त्याच्या मागच्या बाजूला डायमंड स्क्राइबरने छोटा बाण काढा, बाणाचं टोक गनच्या दिशेला. गनचं बाहेर सांडणारं फील्ड आणि अणू तिरके येण्याचा कोन, दोन्हीमुळे फिल्मच्या पातळीत मॅग्नेटायझेशनला सोपी पडणारी एक दिशा, म्हणजे ईझी अ‍ॅक्सिस तयार होतो. सॅम्पल कापल्यावर तो चौकोनी तुकडा चारही बाजूंनी सारखाच दिसतो, मग ईझी अ‍ॅक्सिस कुठून आला हे बाणाशिवाय सांगता येणार नाही. सबस्ट्रेट फिरता ठेवला असेल तर हा परिणाम बराच कमी होतो, तरी बाण काढाच.

शेवटी वर दोन-तीन नॅनोमीटर टँटलमचा थर टाका, व्हॅक्यूम न तोडता. नाहीतर हवेत काढल्यावर वरचा थर ऑक्साइड होतो.

ग्लास झालाय का

ग्रेझिंग इन्सिडन्स एक्सआरडी (फिल्मवर अगदी तिरका एक्स-रे टाकून डिफ्रॅक्शन) करा. कॉपरच्या एक्स-रेवर ४४-४५ अंशाच्या आसपास एक पसरट उंचवटा दिसायला हवा, टोकदार पीक नको. लोखंड आणि कोबाल्ट कॉपरच्या एक्स-रेमध्ये स्वतः चमकतात त्यामुळे बॅकग्राउंड वर उचललेलं येतं, त्याला घाबरू नका, मोनोक्रोमेटर असेल तर लावा. पण नुसता उंचवटा दिसला म्हणून अमॉर्फस असं छातीठोक लिहू नका, दोन नॅनोमीटरचे ग्रेन असले तरी एक्सआरडी तसंच दिसतं. पेपरला पाठवायचं असेल तर टीईएम (आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा मायक्रोस्कोप) आणि डिफ्रॅक्शनचा फोटो लागतोच.

व्हीएसएमवर

इथे थोडं थांबून सविस्तर लिहितो, कारण सर्वात जास्त चुकीचे आकडे इथे तयार होतात.

५ बाय ५ मिलिमीटरचा तुकडा, फिल्म ५० नॅनोमीटर. आकारमान ०.००००० १२५ सीसी वगैरे लिहिताना शून्यं मोजताना गोंधळ होतो म्हणून सरळ सांगतो, १.५६ टेस्ला म्हणजे सीसीला साधारण १२४० ईएमयू (चुंबकीय मोमेंटचं एकक), आणि या तुकड्याचा एकूण मोमेंट येतो १५५० मायक्रो-ईएमयू. चांगलं व्हीएसएम हे आरामात मोजतं. खालचं सिलिकॉन अर्धा मिलिमीटर जाड असेल तर १० किलो-ओर्स्टेडला ते उलट दिशेने ३२ मायक्रो-ईएमयू देतं, म्हणजे दोन टक्के, चालवून घेता येतं. आता तीच फिल्म २ नॅनोमीटर करा. फिल्मचे उरले ६२, सिलिकॉनचे तेवढेच ३२. आता सबस्ट्रेट वजा केल्याशिवाय लूपला काही अर्थच नाही. वजा कसं करायचं, तर फिल्म नक्की सॅच्युरेट झाली आहे अशा मोठ्या फील्डला लूपचा जो उतार राहतो तो सरळ रेषेत बसवून सगळ्यातून काढून टाकायचा. शक्य असेल तर त्याच वेफरचा कोरा तुकडा, त्याच मापाचा, वेगळा मोजून ठेवा. काचेच्या स्लाइडवर हे जास्त त्रासदायक होतं कारण काचेत लोखंडाची भेसळ असते आणि थंड तापमानाला ती पॅरामॅग्नेटिक सिग्नल देते, जो सरळ रेषेत नसतो.

आता चिमटा. स्टीलच्या चिमट्याने सॅम्पल धरू नका. एक मायक्रोग्रॅम लोखंड म्हणजे जेमतेम ५० मायक्रॉन बाजूचा कण, डोळ्याला धूळ वाटेल, पण त्याचा मोमेंट २१८ मायक्रो-ईएमयू असतो, म्हणजे तुमच्या दोन नॅनोमीटरच्या अख्ख्या फिल्मच्या साडेतीनपट. प्लास्टिक किंवा टायटॅनियमचा चिमटा वापरा, कापलेल्या कडा मायक्रोस्कोपखाली बघा, अ‍ॅसिटोन आणि आयपीएमध्ये धुवा, आणि डायमंड स्क्राइबरने कापा. टेपसुद्धा तपासून घ्या, नुसता होल्डर आणि टेप लावून एक लूप काढून ठेवला की पुढे शंका आली तर लगेच ताळा करता येतो.

कॅलिब्रेशनसाठी बहुतेक ठिकाणी निकेलचा गोळा असतो, खोलीच्या तापमानाला ग्रॅमला जवळपास ५५ ईएमयू. पण गोळा गोल आहे आणि तुमचं सॅम्पल सपाट, पसरलेलं, त्यामुळे पिकअप कॉइलला दोन्ही सारखे दिसत नाहीत. तुमच्याच मापाच्या निकेल फॉइलने किंवा आधीच मोजलेल्या फिल्मने एकदा पडताळून बघा. मोठं सॅम्पल असेल तर हा फरक काही टक्क्यांपर्यंत सहज जातो.

मग मुख्य मुद्दा, शून्य फील्डचा. सुपरकंडक्टिंग मॅग्नेट असलेल्या मशीनवर तुम्ही सात टेस्लापर्यंत जाऊन परत शून्यावर आलात की कॉइलमध्ये थोडं फ्लक्स अडकून राहतं. पॅनेलवर शून्य लिहिलेलं असतं पण सॅम्पलला दहा-वीस ओर्स्टेड जाणवत असतात, कारण तिथलं सॉफ्टवेअर फील्ड मोजत नाही, करंटवरून काढतं. एका ओर्स्टेडची कोअर्सिव्हिटी असलेली फिल्म तिथे मोजली तर लूप उलटा दिसतो, म्हणजे वर जाणारी फांदी आणि खाली येणारी फांदी एकमेकांना ओलांडून भलत्या बाजूला जातात आणि कोअर्सिव्हिटी उणे येते. असा लूप दिसला की त्यात नवीन फिजिक्स शोधू नका. हे ओळखायचं साधन म्हणजे पॅलेडियमचा तुकडा. त्याची ससेप्टिबिलिटी (फील्ड वाढलं की मोमेंट किती वाढतो ते) माहीत असते, ग्रॅमला आणि ओर्स्टेडला ५.२५ मायक्रो-ईएमयू, आणि त्याला हिस्टेरेसिस नाही. तुमच्या फिल्मसाठी जो फील्डचा क्रम लावलाय तोच पॅलेडियमवर चालवा, मिळालेल्या मोमेंटला वजनाने आणि ससेप्टिबिलिटीने भागा, खरं फील्ड समोर येतं. आणि त्यापेक्षाही सोपं म्हणजे मऊ फिल्मचा लूप सुपरकंडक्टिंग मशीनवर काढूच नका. साध्या इलेक्ट्रोमॅग्नेटवाल्या व्हीएसएमवर हॉल प्रोबने फील्ड मोजत काढा, किंवा हेल्महोल्ट्झ कॉइलवर काढा जिथे लोखंडाचा पोलच नाही. पृथ्वीचं फील्डसुद्धा आपल्याकडे ०.४ ओर्स्टेडच्या आसपास आहे, कोअर्सिव्हिटी त्याच घरातली असेल तर लूप एका बाजूला सरकलेला दिसणारच.

स्टेपचं गणित सोपं आहे, कोअर्सिव्हिटी एक ओर्स्टेड असेल तर शून्याजवळ ०.१ ओर्स्टेडच्या पायऱ्या हव्यात. दहा ओर्स्टेडच्या पायऱ्यांनी काढलेल्या लूपवरून सॉफ्टवेअर मधली रेघ ओढून ३.७ असा आकडा देतं आणि लोक तो तसाच उतरवतात. मोठ्या फील्डला भरभर जा, शून्याजवळ हळू चाला, आणि प्रत्येक लूप सॅच्युरेशनपासूनच सुरू करा.

फिरवून बघा, उभं करून बघा

फिल्मच्या पातळीत फील्ड लावून शून्य ते १८० अंश, दर पंधरा अंशाला एक लूप घ्या. बाणाची दिशा शून्य धरा. एका दिशेला चौकोनी लूप, तिच्याशी काटकोनात तिरका, सरळ रेषेसारखा लूप मिळाला तर ईझी आणि हार्ड अ‍ॅक्सिस सापडले, हार्ड दिशेला जिथे लूप सॅच्युरेट होतो ते अ‍ॅनिसोट्रॉपी फील्ड. सगळ्या कोनांना लूप सारखाच आला तर पातळीत पसंतीची दिशा नाही, हेही उत्तरच आहे.

मग सॅम्पल उभं करून फील्ड फिल्मला लंब लावा. फिल्म चपटी असल्यामुळे लंब दिशेला डीमॅग्नेटायझिंग फॅक्टर (फिल्मचं स्वतःचं मॅग्नेटायझेशन उलट दिशेने किती फील्ड तयार करतं त्याचं प्रमाण) एक असतो, म्हणजे १.५६ टेस्लाच्या फिल्मला सॅच्युरेट व्हायला १५.६ किलो-ओर्स्टेड लागायला हवेत. बारा किलो-ओर्स्टेडलाच सॅच्युरेट झाली तर उरलेले साडेतीन कुणीतरी मदत करतंय, ती लंब अ‍ॅनिसोट्रॉपी. इंटरफेसमुळे येणारी ही मदत अतिपातळ फिल्ममध्ये इतकी वाढते की २०१० साली जपानच्या तोहोकू विद्यापीठाच्या गटाने १.३ नॅनोमीटरच्या कोबाल्ट-आयर्न-बोरॉन फिल्ममध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जोरावर मॅग्नेटायझेशन सरळ उभं करून दाखवलं, आणि आजच्या एमरॅमच्या (चुंबकीय मेमरीच्या) चिपमध्ये हीच जोडी बसलेली आहे. तिथे फिल्म टाकताना अमॉर्फस असते आणि नंतर तापवताना, म्हणजे अ‍ॅनिलिंगमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडच्या बाजूने मुद्दाम क्रिस्टल होऊ देतात, बोरॉन टँटलमकडे निघून जातो.

इतक्या पातळ फिल्मवर काम करत असाल तर डेड लेयर काढल्याशिवाय मॅग्नेटायझेशन लिहू नका. चार-पाच जाडीच्या फिल्म टाका, क्षेत्रफळाला किती मोमेंट ते जाडीसमोर मांडा, रेषा आडव्या अक्षाला जिथे कापते तेवढी जाडी चुंबकीयदृष्ट्या मेलेली, आणि रेषेचा उतार म्हणजे खरं मॅग्नेटायझेशन.

जवळ मोक (फिल्मवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणातून मॅग्नेटायझेशन बघणारं साधन) असेल तर नक्की वापरा. प्रकाश धातूत जेमतेम दहा-वीस नॅनोमीटर आत जातो त्यामुळे सबस्ट्रेटची कटकटच नाही, आणि शून्याजवळ लूप भराभर मिळतात. मोमेंटचा आकडा मात्र मोक देत नाही. जाड फिल्मवर मोकचा लूप आणि व्हीएसएमचा लूप वेगळे आले तर वरचा थर आणि आतला भाग सारखे नाहीत असं समजा.

स्ट्रेस ओळखणं आणि घालवणं

लूपच्या आकारावरून स्ट्रेस ओळखता येतो. लोखंडवाल्या फिल्मचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन धन, त्यात स्ट्रेस कॉम्प्रेसिव्ह, म्हणजे मॅग्नेटायझेशनला फिल्मच्या पातळीतून बाहेर यावंसं वाटतं. फिल्म पातळ असताना डीमॅग्नेटायझिंग फील्ड त्याला दाबून ठेवतं. जाडी वाढली की ते थोडं वर, थोडं खाली असं आलटून पालटून डोकं काढतं आणि पट्ट्यापट्ट्यांचे डोमेन तयार होतात. लूप मग वेगळाच दिसतो, मधे एक छोटी उडी, मग सॅच्युरेशनपर्यंत लांबलचक सरळ चढ, आणि फिल्म फिरवली तरी सगळ्या दिशांना तोच आकार. वरचे ८१०० ज्यूल आणि एक्स्चेंजसाठी (शेजारच्या अणूंचे मोमेंट एका दिशेला धरून ठेवणारा जोर) नेहमीचा अंदाज घेतला तर हे सुमारे २२० नॅनोमीटरच्या पुढे सुरू होतं. म्हणजे ५० नॅनोमीटरची फिल्म सुंदर चौकोनी लूप देते आणि त्याच रेसिपीची ५०० नॅनोमीटरची फिल्म हा लांबट लूप, आणि दोन्ही तितक्याच अमॉर्फस. एमएफएम (चुंबकीय सुईने पृष्ठभाग चाचपणारा मायक्रोस्कोप) असेल तर पट्ट्या डोळ्यांनी दिसतात, एकदा बघाच, फार समाधान मिळतं.

उपाय म्हणजे अ‍ॅनिलिंग. व्हॅक्यूममध्ये, २०० अंशापासून पन्नास-पन्नासने वर, प्रत्येक तापमानाला तासभर, आणि प्रत्येक पायरीनंतर लूप आणि एक्सआरडी. शक्य असेल तर काही शे ओर्स्टेडचं फील्ड ईझी दिशेला लावून ठेवा, थंड होईपर्यंत काढू नका. ही लोखंडवाली पट्टी ५१० अंशाच्या आसपास क्रिस्टल होते, पण फिल्ममध्ये, विशेषतः इंटरफेसपाशी, त्याच्या आधीही सुरुवात होऊ शकते, म्हणून ३५०च्या पुढे घाई करू नका. एकदा लोखंडाचे बोराइड तयार झाले की कोअर्सिव्हिटी भसकन वर जाते आणि परत येत नाही.

एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. ३०० अंशाला जुना स्ट्रेस सुटला तरी थंड होताना नवीन येतो. फिल्म अंशाला साधारण साडेसात पीपीएम आकसते, सिलिकॉन फक्त २.६, त्यामुळे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फिल्म ताणली जाते, दीड-दोनशे मेगापास्कलने. हा स्ट्रेस टेन्साइल असल्यामुळे मॅग्नेटायझेशन पातळीतच राहतं आणि पट्ट्या नाहीशा होतात, लोकांना वाटतं स्ट्रेस शून्य झाला. झालेला नसतो, त्याचं चिन्ह बदललेलं असतं, कॉम्प्रेसिव्हचा टेन्साइल झालेला असतो. साध्या सोडा-लाइम स्लाइडचं प्रसरण नऊच्या आसपास, म्हणजे फिल्मच्या जवळ, तिथे हा फरक कितीतरी कमी पडतो. एकाच रनमधली सिलिकॉनवरची आणि स्लाइडवरची फिल्म एकत्र अ‍ॅनिल करून दोन्हीचे लूप शेजारी ठेवा, फिल्म तीच असून लूप वेगळे दिसले तर तुमच्या कोअर्सिव्हिटीत सबस्ट्रेटचा हात किती आहे ते कळतं.

मुद्दाम नॅनोक्रिस्टल करायचं असेल तर तांबं आणि नायोबियम घातलेलं फाइनमेट घ्या, हिताचीच्या लोकांनी १९८८ साली मांडलेलं. त्यात दहा-पंधरा नॅनोमीटरचे ग्रेन ग्लासमध्ये बसलेले असतात आणि तरी ते मऊ राहतं, कारण इतक्या छोट्या ग्रेनची अ‍ॅनिसोट्रॉपी एकमेकांत सरासरी होऊन जाते. पण ग्रेनच्या आकाराच्या सहाव्या घाताने कोअर्सिव्हिटी वाढते, म्हणजे १० चे १५ नॅनोमीटर झाले की अकरापट. तापमानावर पकड नसेल तर या वाटेला जाऊ नका.

क्युरी तापमान काढायचं असेल तर ओव्हनवाल्या व्हीएसएमवर, चांगल्या व्हॅक्यूममध्ये, छोटं फील्ड ठेवून तापवत जा. मोमेंट शून्याकडे येतो आणि आणखी वर गेल्यावर परत उसळी मारतो, ती उसळी म्हणजे क्रिस्टलायझेशन. थंड होताना तोच आलेख परत येत नाही, त्यामुळे हे मोजमाप सगळ्यात शेवटी ठेवा, हा तुकडा नंतर दुसऱ्या कशाला उपयोगी नाही. डॅम्पिंग (मॅग्नेटायझेशनचं डोलणं किती लवकर थांबतं ते) हवं असेल तर एफएमआर, म्हणजे फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला लाइनची रुंदी मोजून तिचा उतार घ्यायचा, एकाच फ्रिक्वेन्सीवरून डॅम्पिंग काढू नका.

सॅम्पल बाहेर पाठवताना

आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत व्हीएसएम नसतं. मुंबईत आयआयटीची सैफ (बाहेरच्यांनाही वापरता येणारी उपकरणांची सोय) आहे, इंदूरला यूजीसी-डीएईचं संशोधन केंद्र विद्यापीठातल्या लोकांसाठीच आहे. ऑपरेटरकडे दिवसाला ढीगभर सॅम्पल येतात, त्यात पावडरी जास्त, आणि काही सांगितलं नाही तर तो तुमची फिल्मही पावडरीच्याच सेटिंगवर लावणार, वीस किलो-ओर्स्टेडपर्यंत मोठ्या पायऱ्यांनी. म्हणून पाकिटावर नुसतं नाव लिहून पाठवू नका. फिल्म कुठल्या बाजूला आहे, बाण कुठे आहे, तुकड्याचं माप आणि फिल्मची जाडी, अपेक्षित मोमेंट किती मायक्रो-ईएमयू, आधी बाणाच्या दिशेला मग काटकोनात, ±१०० ओर्स्टेडमध्ये ०.५ची पायरी, त्यानंतर एकदा ±१० किलो-ओर्स्टेड सबस्ट्रेटचा उतार काढायला, आणि सोबत कोरा सबस्ट्रेट त्याच सेटिंगवर. हे सगळं फॉर्मच्या रिमार्क्समध्ये लिहा आणि जमलं तर फोन करून बोला. परत येताना ग्राफचा फोटो नको, कच्चा डेटा मागा, फील्ड आणि मोमेंटचे दोन कॉलम, कुठलंही करेक्शन न केलेले. एकक ईएमयू असेल तर तो मोमेंट आहे, आकारमानाने भागल्यावरच मॅग्नेटायझेशन होतं, आणि सीसीला ईएमयू म्हणजेच मीटरला किलोअँपियर, आकडा तोच राहतो. ओर्स्टेडला ७९.६ ने गुणलं की मीटरला अँपियर. आकारमान काढताना तुकड्याची लांबी-रुंदी पट्टीने नका मोजू, स्कॅनरवर किंवा मायक्रोस्कोपवर फोटो काढून क्षेत्रफळ घ्या, कोपरा तुटलेला असला तर तोही हिशोबात येतो.